न उच्चारलेल्या अक्षरांचा इतिहास : इंग्रजी भाषा कशी बदलत गेली

खडूफळा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी माझा सहावीतला नातू वही घेऊन शेजारी बसला. इंग्रजीत रात्रीला जो 'नाइट' शब्द आहे, त्यातली 'जी' आणि 'एच' ही अक्षरे उच्चारायची नसतील तर लिहायची कशासाठी, असे त्याने विचारले. तालुक्याच्या गावी मी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवली आणि या प्रश्नाला दरवर्षी 'पाठ करा' एवढेच उत्तर दिले. निवृत्तीनंतर थोडे वाचन झाले तेव्हा लक्षात आले, की खरे उत्तर त्या मुलांना सहज समजले असते. किंबहुना मराठी मुलांना ते इंग्रज मुलांपेक्षाही लवकर समजले असते. तेच इथे मांडतो आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

ती अक्षरे लिहिली जातात, कारण एके काळी ती उच्चारली जात होती. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज रात्रीला 'निख्त' म्हणत असे आणि जर्मन माणूस आजही 'नाख्ट' म्हणतो. आपल्याकडे दिवसभर उपास करून रात्री एकदाच जेवण्याच्या व्रताला 'नक्त' म्हणतात. तो संस्कृत 'नक्तम्' आणि इंग्रजांचा 'निख्त' एकाच मूळ शब्दापासून आलेले आहेत. आपल्या 'नक्त'मध्ये जिथे 'क' टिकला, तिथे जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत तो घशातून घासत येणाऱ्या 'ख'सारखा झाला. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच भाषक नॉर्मनांची सत्ता आली; त्या नॉर्मन काळातील लेखनिक तो ध्वनी 'जीएच' असा लिहू लागले. पुढे दक्षिण इंग्लंडमध्ये तो तोंडातून गेला, पण कागदावर राहिला. स्कॉटलंडच्या बोलीत तो अजूनही ऐकू येतो. सरदाराला असलेल्या 'नाइट' या शब्दात तर आरंभीचा 'के'सुद्धा उच्चारला जाई. तो शब्द 'क्निख्त' असा होता आणि त्याचा जुना अर्थ 'पोरगा, सेवक' असा होता.

पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या आजच्या डेन्मार्क व उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यांच्या बोलींतून जी जुनी इंग्रजी घडली, ती मराठी माणसाला आजच्या इंग्रजीपेक्षा ओळखीची वाटावी. तिला आपल्यासारखी तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि स्त्रीसाठी असलेला 'वीफ' हा शब्द चक्क नपुंसकलिंगी होता. आपण 'घर, घराचे, घरांना' म्हणतो, तसे तेव्हा 'स्तान' म्हणजे दगड, 'स्तानेस' म्हणजे दगडाचा आणि 'स्तानुम' म्हणजे दगडांना, असे म्हणत. आज नामापुढे वर स्वल्पविरामासारखी खूण देऊन जो मालकीदर्शक 'एस' लिहितात, तो त्या 'स्तानेस'मधल्या प्रत्ययाचा उरलेला तुकडा आहे.

व्यंजनांइतकीच उलथापालथ स्वरांची झाली. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या घडामोडीला 'महास्वरांतर' अशा अर्थाचे नाव दिले. देवनागरीत लिहिले की हे फार स्पष्ट दिसते. आजचा 'नेम' चौदाव्या शतकात 'नाऽम'च्या जवळ उच्चारला जाई, म्हणजे आपल्या 'नाम'शी जवळजवळ जुळत असे. 'टाइम' हा 'टीम' होता, 'फीट' हा 'फेट' होता, 'मून' हा 'मोन' होता. उंदराला 'माउस' नव्हे तर 'मूस' म्हणत आणि त्याच्याशेजारी आपला 'मूषक' ठेवला की नाते डोळ्यांपुढे उभे राहते. स्कॉट लोक उंदराला आजही 'मूस' आणि घराला 'हूस'च म्हणतात, कारण तो स्वर त्यांच्याकडे हललाच नाही.

आता यातला दैवयोग पाहा. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६ मध्ये, म्हणजे स्वर सरकण्याच्या ऐन मध्यावर. छपाईमुळे लेखन हळूहळू पक्के होत गेले आणि उच्चार मात्र पुढची दोनशे वर्षे चालतच राहिला. माझा मुद्दा एवढाच आहे, की इंग्रजीचे स्पेलिंग वेडेवाकडे वाटते ते कुणाच्या लहरीमुळे नव्हे. पाचशे वर्षांपूर्वीच्या तोंडचे शब्द आपण आजच्या तोंडाने वाचतो, म्हणून ते तसे वाटते.

ऊजकाठी

सर, मनःपूर्वक धन्यवाद. मी अकरा वर्षांपासून यॉर्कमध्ये, ऊज नदीच्या काठी राहते, त्यामुळे आपण ज्या टप्प्याला स्पर्श केला नाहीत त्याविषयी लिहिते. इथे नवीन आले तेव्हा 'स्टोनगेट', 'कॉपरगेट', 'मिकलगेट' ही नावे वाचून मी वेशी शोधत असे आणि मला नुसते रस्ते सापडत. शेजारच्या आजींनी समजावले, की या गावात रस्त्यांना 'गेट' म्हणतात आणि वेशींना 'बार'. रस्त्याला स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेत 'गाता' म्हणत, त्याचा हा 'गेट'. कॉपरगेटचा तांब्याशी काही संबंध नाही. लाकडी वाट्या-पेले कातणाऱ्या कारागिरांची ती आळी होती. आपल्याकडे कासार आळी, तांबट आळी असते, अगदी तशी. १९७० च्या दशकात त्या रस्त्याखाली उत्खनन झाले, तेव्हा लाकूड कातताना उरलेले तुकडेसुद्धा तिथे सापडले.

व्हायकिंगांनी ८६६ मध्ये यॉर्क घेतले आणि पुढे इंग्लंडचा उत्तर व पूर्व भाग त्यांच्या वहिवाटीचा झाला. ते लुटायला आले हे खरे आहे, पण नंतर इथेच शेती करून, लग्ने करून राहिले. त्यांची भाषा इंग्रजीची जवळची बहीण असल्यामुळे दोन्हीकडचे मूळ शब्द बरेचसे सारखे असत आणि प्रत्यय मात्र वेगळे असत. शेजाऱ्याशी बैलाचा सौदा करताना प्रत्ययाचा घोळ घालण्यापेक्षा तो गिळून टाकणे सोयीचे पडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. सरांनी सांगितलेले 'स्तानेस, स्तानुम' झिजले, त्याचे हे एक मोठे कारण समजले जाते, आणि ही झीज उत्तरेत आधी व दक्षिणेत नंतर झाली हे जुन्या लिखाणावरून दिसते. प्रत्यय गेल्यावर कर्ता कोणता आणि कर्म कोणते हे सांगण्याचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. मराठीत 'वाघाला शेतकऱ्याने मारले' आणि 'शेतकऱ्याने वाघाला मारले' यांत कोण मेला याबद्दल शंका येत नाही. आजच्या इंग्रजीत क्रम उलटला तर शेतकरी मरतो.

आकाश, अंडे, सुरी, कायदा, नवरा यांसाठीचे नेहमीचे इंग्रजी शब्द व्हायकिंगांचे आहेत. खिडकीला असलेला 'विंडो' म्हणजे 'वाऱ्याचा डोळा'. आपला 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा, तो मला इथे हमखास आठवतो. या सगळ्यांपेक्षा मला नवल वाटते ते 'दे' या सर्वनामाचे. 'ते' म्हणायला इंग्रजीने परक्यांचा शब्द घेतला, कारण तिचे स्वतःचे 'तो', 'ती' आणि 'ते' हे तिन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येऊ लागले होते. भाषा बाजारातून वस्तूंची नावे उचलते, पण सर्वनाम उचलणे म्हणजे घराचा वासा शेजाऱ्याकडून आणण्यासारखे आहे.

पहिला बाक

फार सुंदर माहिती मिळते आहे. एक शंका विचारतो. गोठ्यातली गाय 'काऊ' आणि ताटातली 'बीफ', कळपातली मेंढी 'शीप' आणि ताटातली 'मटन', असे का, याचे उत्तर मला महाविद्यालयात असे मिळाले होते, की १०६६ नंतर जनावरे राखणारे इंग्रज होते आणि मांस खाणारे फ्रेंच भाषक नॉर्मन सरदार होते. हे कितपत खरे आहे?

अशिलाची बाजू

अर्धे खरे आहे. ताटातले हे शब्द नॉर्मनांच्या फ्रेंचमधून आले, यात शंका नाही. परंतु पुढची कित्येक शतके इंग्रजीत 'बीफ' हा शब्द जिवंत बैलासाठीही वापरला जात होता; गोठा आणि ताट अशी काटेकोर वाटणी पुष्कळ नंतर पक्की झाली. वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीतील एका संवादाने ती गोष्ट लोकप्रिय केली आणि तेव्हापासून ती इतिहास म्हणून सांगितली जाते.

नॉर्मन सत्तेचा खरा ठसा पाहायचा असेल तर माझ्या व्यवसायात पाहावा. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. आमचे इंग्रजी दस्त ज्या जोडशब्दांनी भरलेले असतात, त्यांचे मूळ त्या काळात आहे. मृत्युपत्राला 'विल अँड टेस्टमेंट' म्हणतात. त्यातला पहिला शब्द मूळचा इंग्रजी, तर दुसरा लॅटिन वळणाचा. मालमत्तेला 'गुड्स अँड चॅटल्स' म्हणतात. त्यातही पहिला इंग्रजी आणि दुसरा फ्रेंच. दोन्ही भाषांच्या माणसांना अर्थ कळावा आणि पळवाट राहू नये, म्हणून अशा जोड्या रूढ झाल्या, असे सांगितले जाते. आपणही नकळत हेच केलेले आहे. 'कागदपत्र'मध्ये कागद फारसीतून आला आणि पत्र संस्कृतातून. 'धनदौलत'मध्ये धन आपले आणि दौलत अरबी. 'बाजारहाट'मध्ये बाजार फारसी आणि हाट देशी. दोन भाषा तीनचारशे वर्षे एका ओसरीवर बसल्या की असे संसार मांडले जातात.

१३६२ मध्ये एक कायदा झाला. लोकांना फ्रेंच समजत नाही, त्यामुळे आपल्या विरुद्ध वा बाजूने काय बोलले जात आहे हे त्यांना कळत नाही, म्हणून न्यायालयातील युक्तिवाद यापुढे इंग्रजीत व्हावेत, असे त्यात म्हटले होते. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. न्यायालयीन दप्तरातून फ्रेंच आणि लॅटिन कायद्याने बाहेर पडायला १७३३ साल उजाडले. आपल्या भाषेत काय चालले आहे हे न कळता आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली माणसे मी आजही पाहते, म्हणून या दोन सालांमधले अंतर मला फार मोठे वाटते.

खिळेजुळारी

सरांनी कॅक्स्टनचे नाव घेतले, म्हणून न राहवून लिहितो. मी ऐन उमेदीची वर्षे एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे एकेका अक्षराचे ठसे, जुळवण्यात घालवली. कॅक्स्टनने १४९० मध्ये एका अनुवादाच्या प्रस्तावनेत जी हकिकत सांगितली आहे, ती आम्हा छापखान्यातल्या माणसांना फार जवळची आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने निघाले होते. वारा पडल्यामुळे ते केंटच्या किनाऱ्याला अडकले आणि काही खायला मिळेल का म्हणून किनाऱ्यावर गेले. त्यांच्यातल्या एकाने तिथल्या बाईकडे 'एग्स' मागितली. मला फ्रेंच येत नाही, असे ती म्हणाली. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. त्याला नुसती अंडी हवी होती. शेवटी दुसऱ्याने 'आयरन' मागितली, तेव्हा बाईला कळले. 'एग' हा व्हायकिंगांचा उत्तरेकडचा शब्द होता आणि 'आयरन' हे दक्षिणेकडचे जुने इंग्रजी अनेकवचन होते. 'चिल्ड्रन' आणि 'ऑक्सन' यांत शेवटी जो 'न' ऐकू येतो, तोच तिथे होता. ही गोष्ट सांगून कॅक्स्टन विचारतो, की आजच्या दिवसांत माणसाने लिहावे तरी काय, 'एग्स' की 'आयरन'?

त्याच्या प्रश्नातली अडचण मला समजते, कारण खिळे जुळवणाऱ्याला थांबता येत नाही. लिहिणारा दोन्ही रूपे मनात ठेवू शकतो, पण जुळाऱ्याला 'केस'मधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, एकच खिळा उचलून 'स्टिक'मध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, ठेवावा लागतो. त्या काळी एकाच पानावर एकच शब्द दोनतीन प्रकारे छापलेला आढळतो. ओळ डावी-उजवीकडून सारखी भरावी म्हणून एखादे जास्तीचे 'ई' घालायचे किंवा काढायचे, ही सोय तेव्हाच्या जुळाऱ्यांना होती. आम्हाला ती नव्हती. आम्ही दोन शब्दांमध्ये पातळ स्पेस घालून ओळ भरत असू.

खिळ्यांमुळे एक अक्षरही मेले. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी 'थॉर्न' नावाचे स्वतंत्र अक्षर होते. युरोपातून आलेल्या खिळ्यांच्या संचात ते नसे आणि हाताने लिहिताना ते 'वाय'सारखे दिसू लागले होते, म्हणून त्याच्या जागी 'वाय'चा खिळा बसवला जाऊ लागला. जुनेपणा दाखवण्यासाठी दुकानांच्या पाट्यांवर जे 'ये ओल्ड' असे वाचले जाते, ते तसे नाहीच. तिथला 'वाय' हा वेष बदललेला 'थ' आहे आणि शब्द साधा 'द' आहे.

सरांच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. सगळीच मुकी अक्षरे कधी काळी बोलकी होती, असे नाही. कर्जाला असलेल्या 'डेट' या शब्दात 'बी' नव्हता. तो फ्रेंचमधून 'डेट' असाच आला होता. पुढे विद्वानांनी मूळ लॅटिन 'डेबितुम' दिसावा म्हणून 'बी' घुसवला. बेटाच्या 'आयलंड'मधला 'एस' तर चुकून आला आहे. तो मूळचा जर्मानिक शब्द, पण फ्रेंच 'आइल'शी नाते आहे असे समजून त्याला 'एस' चिकटवला गेला.

खडूफळा (धागाकर्ता)

दुरुस्ती मान्य आहे आणि त्याबद्दल आभारी आहे. 'उच्चार गेला, अक्षर राहिले' हे 'नाइट'ला लागू पडते, 'डेट'ला नाही. नातवाला दोन्ही उदाहरणे वेगवेगळी करून सांगेन.

ओसरी

इतके सगळे वाचून मला एक गोष्ट विचारावीशी वाटते. मराठीत आपण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांत माणसाची पायरी पाहतो. माझ्या सुनेशी तिच्या परदेशातल्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे 'यू'च म्हणतात. इंग्रजीत हा भेद कधीच नव्हता का?

अशिलाची बाजू

होता, काकू, आणि तो चांगला धारदार होता. एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू', अशी मूळ रचना होती. नॉर्मन काळानंतर फ्रेंच रिवाजाप्रमाणे एकाच मोठ्या माणसालाही अनेकवचन लावण्याची पद्धत आली, आपल्या 'तुम्ही'सारखी. १६०३ मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात, मी तुला 'दाऊ'च म्हणतो, कारण तू द्रोही आहेस, अशा अर्थाचे उद्गार काढले. 'दाऊ म्हणणे' असे क्रियापदच त्यांनी वापरले. हे वाक्य इतर भाषांत समजावून सांगावे लागते, मराठीत 'अरे-तुरे करणे' तयार आहे.

पुढे उलटे टोक गाठले गेले. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक सगळी माणसे देवापुढे सारखी म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणत आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेत. बाकी समाजाने मात्र कुणाचा अपमान नको म्हणून सगळ्यांना 'यू'च म्हणायला सुरुवात केली. म्हणजे इंग्रजीत उरला तो 'तू' नव्हे, 'तुम्ही' उरला. आपल्या सुनेचे साहेब शिपायाला 'तुम्ही'च म्हणतात, असे समजावे.

ऊजकाठी

यात भर घालते. एक आणि अनेक यांतला भेद गेल्यावर लोकांना अडचण होऊ लागली आणि त्यांनी नवे अनेकवचन घडवले. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल' म्हणतात, आयर्लंडमध्ये आणि लिव्हरपूलकडे 'यूज' म्हणतात. माझी लिव्हरपूलची मैत्रीण घरी फोन केला की 'यूज'वर येते आणि कामावर आली की पुन्हा 'यू'वर.

पहिला बाक

हे सर्व खरे असले, तरी शिकणाऱ्या मुलाचा त्रासही खरा आहे. उच्चार बदलला तर लेखन का बदलू नये? नोआ वेब्स्टर यांनी १८२८ च्या कोशात अमेरिकेपुरते ते करून दाखवलेच, 'कलर'मधला 'यू' काढला. सगळीकडे तसे का झाले नाही?

खडूफळा (धागाकर्ता)

आपला आक्षेप रास्त आहे, आणि वर्गात बसलेल्या मुलाच्या बाजूने तो घेतलात याचा मला आनंद आहे. पण वेब्स्टरांच्याही सगळ्या सुधारणा चालल्या नाहीत. जिभेला त्यांनी उच्चारानुसार केलेले 'टंग'चे स्पेलिंग लोकांनी घेतले नाही. कोणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायचे, हा पहिला पेच आहे. लंडन, ग्लासगो, बोस्टन आणि पुणे यांचे उच्चार वेगळे, पण लेखन आज जवळपास एक आहे. शिवाय 'साइन'मधला मुका 'जी' काढला, तर 'सिग्नेचर'शी असलेले त्याचे नाते डोळ्यांना दिसणार नाही.

आपल्या लेखनातही हे सगळे आहे. 'ष' आणि 'श' आपण बोलताना एकच करतो आणि लिहिताना वेगळे ठेवतो. 'चहा' आणि 'चमचा' यांतले 'च' वेगळे उच्चारतो आणि एकाच अक्षराने लिहितो. माझ्या वडिलांच्या पत्रांत 'नांव', 'केलें', 'कां' असे अनुस्वार आहेत. ते अनुनासिक उच्चार प्रमाण मराठीतून गेलेले होते, त्यांची खूण मात्र टिंबाच्या रूपाने उरली होती. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती टिंबे काढून टाकली. मुलांचे श्रम वाचले हे मी शिक्षक म्हणून मान्य करतो. पण वडिलांचे पत्र नातवापुढे धरले, तेव्हा 'आजोबांच्या बाबांना शुद्धलेखन येत नव्हते का', असे त्याने विचारले, ते मला लागले.

ओसरी

शब्दांचे अर्थही असेच सरकतात का?

खडूफळा (धागाकर्ता)

फार सरकतात. 'डिअर' म्हणजे आज हरीण, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कोणताही पशू असा होता. आपल्या 'मृग' शब्दाने नेमका हाच प्रवास केला. वेदकाळी मृग म्हणजे रानातला कोणताही प्राणी, म्हणून सिंहाला मृगराज आणि शिकारीला मृगया म्हणतात. आज मृग म्हणजे फक्त हरीण. 'सिली' या शब्दाचा आरंभीचा अर्थ 'सुखी, धन्य' असा होता, तो निरागस, मग बापुडा आणि शेवटी मूर्ख असा उतरत गेला. 'लॉर्ड' हा शब्द मूळचा 'ह्लाफवेअर्द', म्हणजे भाकरीचा राखणदार, आणि 'लेडी' म्हणजे भाकरीचे पीठ मळणारी.

ऊजकाठी

जाता जाता आपल्या घरचा एक शब्द सांगते, तो सरांच्या नातवाला नक्की आवडेल. मुंगसाला इंग्रजीत जो 'माँगूस' शब्द आहे, तो कोशकारांच्या मते आपल्या 'मुंगूस' किंवा 'मंगूस'वरूनच गेला. हंसाला असलेल्या 'गूस'शी त्याचा काही संबंध नाही. म्हणून 'गूस'चे अनेकवचन जुन्या स्वरबदलाच्या नियमाने 'गीस' होते, पण मुंगसांचे 'माँगीस' होत नाही, 'माँगूसिस' होते. माझ्या मुलीने शाळेत 'माँगीस' लिहिले होते. बाईंनी खाली लाल रेघ मारली आणि 'माँगूसिस' असे लिहून दिले. 'हा शब्द माझ्या आजीच्या भाषेतला आहे', असे दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितले आणि बाईंनी तिला फळ्यावर तो देवनागरीत लिहायला लावला.